टूलबॉक्स टॉकची सेवा : रावेतच्या साइटवरील सहा महिन्यांचा अनुभव

पुण्याजवळ रावेत येथे एका चौदा मजली निवासी इमारतीच्या कामावर मी साइट इंजिनिअर आहे. कामगारांना रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी ज्या छोट्या सुरक्षा-सूचना दिल्या जातात, ज्यांना साइटवर सगळे ‘टूलबॉक्स टॉक’ किंवा नुसते ‘टीबीटी’ म्हणतात, त्यांचे काम जूनपासून आम्ही शहरातील एका लहान प्रशिक्षण संस्थेकडे दिले. दरमहा १८,००० रुपये हा त्यांचा दर आहे. तो द्यावा की नाही, अशा विचारात असलेल्या लहान बांधकाम व्यावसायिकांसाठी आणि ठेकेदारांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

त्याआधी आमच्याकडे टीबीटी होत नव्हती असे नाही. गेटजवळ सर्वांना उभे करून सुपरवायझर एक छापील कागद वाचत असे, हेल्मेट घाला, बेल्ट लावा, सावध राहा असे सांगून होत असे आणि मग रजिस्टरवर सह्या व अंगठे घेतले जात. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचत नसे, आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचत असे त्यांनाही तो मजकूर आदल्या दिवशीचाच असल्याचे माहीत असे.

संस्थेच्या प्रशिक्षकांनी पहिल्या आठवड्यात एकही भाषण केले नाही. ते सकाळी सात वाजता येत आणि मुकादमांबरोबर प्रत्येक मजल्यावर फिरत. आठवडाभराने त्यांनी सूचना सुरू केल्या त्या गेटवर नव्हे, तर ज्या जागी त्या दिवशी काम होणार होते त्या जागी. सेंटरिंगवाले (काँक्रीटचे साचे उभारणारे), फिटर (सळया बांधणारे), गवंडी आणि बिगारी यांच्या वेगवेगळ्या टोळ्या, एका वेळी पंधरा-वीस माणसे, दहा मिनिटे आणि एकच विषय, ही त्यांची रीत आहे. शेवटी ते कोणत्याही एका कामगाराला ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतात. त्याला सांगता आले नाही, तर दोष आपल्या सांगण्यात आहे असे मानून ते पुन्हा सांगतात, आणि या एका सवयीसाठी मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

जुलैमध्ये ड्रेनेज लाइनसाठी सुमारे दोन मीटर खोल चर खोदायचा होता. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार द्यावा, असे खोदकामाच्या सुरक्षेविषयीचे भारतीय मानक ३७६४ सांगते. परंतु मानकाचा क्रमांक सांगून बिगाऱ्याच्या मनात काही उतरत नाही. प्रशिक्षकांनी ओल्या मातीने घमेले भरले, ते प्रत्येकाला उचलायला लावले आणि सांगितले की एक घनमीटर माती म्हणजे अशी शंभराच्या आसपास घमेली, म्हणजे दीड ते दोन टन. माणूस छातीपर्यंत जरी गाडला गेला, तरी त्या दाबाखाली छाती फुगत नाही आणि डोके मोकळे असूनही श्वास कोंडतो. खोदलेली माती काठावरच का टाकू नये, हेही तेथेच दाखवले. दुसऱ्या दिवशी फळ्या आणि आडवे टेकू लागेपर्यंत बिगारी चरात उतरले नाहीत. त्या दिवशी माझे वेळापत्रक अर्धा दिवस मागे गेले, आणि त्याचे मला मनापासून समाधान वाटले.

सेफ्टी बेल्टचे प्रात्यक्षिकही असेच लक्षात राहिले. बेल्ट घातलेला असतो, पण हूक पायाजवळच्या पाइपला अडकवलेला असतो. सुमारे १.८ मीटर लांबीच्या दोरीचा हूक पायाशी असेल, तर दोरी ताणली जाईपर्यंत माणूस तीन मीटरहून अधिक खाली जातो. आमच्या मजल्याची उंचीच तीन मीटर आहे. वाळूची गोणी बांधून ती खाली सोडल्यावर ती खालच्या स्लॅबवर आपटताना सर्वांनी पाहिली. हूक डोक्याच्या वर, लाइफलाइनला (हूक अडकवण्यासाठी बांधलेल्या पक्क्या दोराला) का हवा, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

रजिस्टरमध्ये त्यांनी सहीच्या शेजारी ‘कामगाराने काय सांगितले’ असा एक रकाना वाढवला. सातव्या मजल्यावरील डक्टच्या (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीच्या) तोंडावरचे प्लायवूड खिळ्यांनी ठोकलेले नाही, ही माहिती आम्हाला याच रकान्यातून एका गवंड्याकडून मिळाली. दुपारपर्यंत ते ठोकले आणि दुसऱ्या सकाळी सूचनेची सुरुवात ‘काल सांगितलेले काम झाले’ या वाक्याने झाली. तक्रार करून काही होत नाही असे एकदा दिसले, की लोक सांगणे बंद करतात. १९९६च्या बांधकाम कामगार अधिनियमाने सुरक्षा समितीची सक्ती ५०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेवर केली होती. आमच्यासारख्या दीडशेच्या आतल्या साइटवर कामगाराचे म्हणणे ऐकण्याची जागा ही सकाळची दहा मिनिटेच असते.

आता उणिवा. संस्थेचे छापील तक्ते वेगळ्या किमतीला मिळतात आणि ते घेऊ नयेत, असे माझे मत आहे. त्यांतील परांची लोखंडी, जाळीदार फळ्यांची आहे. आमच्या बाहेरच्या भिंतींना अजूनही बांबूची परांची लागते आणि तिचे धोके निराळे आहेत. भाषेचा प्रश्न अर्धाच सुटला. प्रशिक्षक मराठी आणि हिंदी उत्तम बोलतात, परंतु मालद्याहून आलेल्या फिटरांसाठी त्या फिटरांपैकीच एक जण बंगालीत सांगू लागला तो आम्ही सुचवल्यानंतर. कलबुर्गीकडच्या लमाण स्त्रिया घमेली वाहतात, त्या मागे उभ्या राहत आणि त्यांना कधी प्रश्न विचारला जात नसे. याविषयी दोनदा बोलावे लागले, तेव्हा त्यांची वेगळी टोळी करण्यात आली. नाक्यावरून आणलेले मजूर नऊनंतर येतात; त्यांच्यासाठी दुसरी फेरी अजूनही नियमित होत नाही.

सर्वांत गंभीर उणीव रात्रीची आहे. स्लॅबचे काँक्रीट अनेकदा रात्रीपर्यंत चालते, माणसे थकलेली असतात, प्रकाश अपुरा असतो, आणि करारात मात्र फक्त सकाळची पाळी आहे. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी येरवड्यात सळ्यांची जाळी कोसळून पाच मजूर दगावले, तेही रात्रीच. संस्थेने जादा शुल्काची मागणी केली, ती मला अवाजवी वाटली नाही. पण ही गोष्ट त्यांनी पहिल्याच बैठकीत स्वतःहून काढायला हवी होती.

तीन महिन्यांनंतर प्रशिक्षक आठवड्यातून दोनदाच येऊ लागले आणि उरलेल्या दिवशी मुकादम बोलू लागले. मला त्याची धास्ती होती. परंतु फिटरांचे मुकादम सळईच्या उघड्या टोकांना टोप्या का लावायच्या हे आपल्या हातावरची जुनी जखम दाखवून सांगतात, तेव्हा टोळी जितकी शांत असते तितकी ती माझ्यासमोर कधी नसते. शेजारच्या इमारतीसाठी आम्ही याच संस्थेशी नवा करार केला आहे. त्यात स्लॅबच्या रात्रीची सूचना आणि नाका मजुरांसाठी साडेनऊची फेरी या दोन अटी लिहून घेतल्या आहेत, तक्ते वगळले आहेत.