सेनबेई घ्यायची की ओकाकी? आधी तांदूळ बघा, मग चव

जपानमधल्या कुठल्याही सुपरमार्केटात तांदळाच्या कुरकुरीत खाऊने एक अख्खी रांग भरलेली असते. तळहाताएवढ्या गोल चकत्या, बोटभर लांबीचे तुकडे, मण्यांसारखे दाणे, लालसर चंद्रकोरी, नोरी म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या पट्टीत गुंडाळलेल्या कांड्या. बहुतेक जण चित्र बघून किंवा ‘सोया’, ‘वसाबी’ अशी चव बघून पाकीट उचलतात आणि तिथेच फसतात. चव मनासारखी निघते, पण चकती इतकी कडक की आजोबांच्या कवळीला झेपत नाही. नाहीतर बिअरबरोबर काहीतरी खमंग हवं होतं आणि तोंडात टाकताच विरघळणारं हाती आलं. पाकिटातला खाऊ दाताखाली कसा लागणार हे बहुतांशी तांदूळ ठरवतो, चव त्यावर नंतर चढते. म्हणून निवड तांदळापासून सुरू करावी.

दोन तांदूळ

रोजच्या भाताच्या तांदळाला जपानीत उरुचिमाई म्हणतात आणि ज्याची मोची, म्हणजे चिकट लगदा, कुटतात त्या चिकट तांदळाला मोचीगोमे. तांदळाची सेनबेई उरुचिमाईची, ओकाकी आणि अरारे मोचीगोमेची. ओकाकी आणि अरारेत फरक फक्त आकाराचा: मोठा तुकडा ओकाकी, छोटा अरारे. अरारे म्हणजे गारा.

आपल्याकडचा इंद्रायणी शिजल्यावर कितीही चिकट झाला तरी तो मोचीगोमे नव्हे. त्या जातीचा तांदूळ भारतात बघायचा असेल तर आसामचा बोरा साउल बघावा. फरक स्टार्चमध्ये आहे, त्याचे दोन प्रकार: अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. रोजच्या जपानी तांदळात साधारण १५ ते २० टक्के अमायलोज असतं, मोचीगोमेत ते जवळजवळ नसतंच, सगळं अमायलोपेक्टिन. भाजताना आतल्या पाण्याची वाफ होते. अमायलोपेक्टिनची लगदी रबरासारखी ताणली जाते आणि ती वाफ कोंडून ठेवते, म्हणून ओकाकी फुगून आतून जाळीदार होते. अमायलोज असलं की पीठ लवकर ताठरतं, वाफेला फार पसरू देत नाही, म्हणून सेनबेई घट्ट आणि कडक राहते.

पाकिटावर हा फरक बऱ्याचदा खाताना होणाऱ्या आवाजाच्या शब्दांतच लिहिलेला असतो. ‘बारीबारी’ लिहिलं असेल तर दाताखाली कडाड् मोडणारा माल. ‘साकुसाकु’ म्हणजे आपलं खुसखुशीत. ‘पोरीपोरी’ म्हणजे छोट्या कडक दाण्यांचं कुडुमकुडुम. दातांची तक्रार असेल तर साकुसाकु शोधा आणि जाड, गोल, गडद तपकिरी चकत्यांपासून लांब राहा.

सेनबेई: भाजण्यातली कसरत

तांदळाच्या पापडाची उकड ज्यांनी मळली आहे त्यांना सेनबेईची अर्धी कृती आधीच माहीत आहे. तांदूळ धुऊन, भिजवून, दळतात. पिठी वाफवतात, मळतात, लाटून गोल चकत्या कापतात आणि वाळवतात. पाण्याचा अंश १० ते १५ टक्क्यांवर आला की चकती भाजायला तयार. या कच्च्या चकतीला किजी म्हणतात. पापडखार नसतो, म्हणून ती पापडासारखी फुलत नाही. जाडीही पापडापेक्षा बरीच जास्त.

खरी परीक्षा जाळीवर. २०० ते २५० अंशांच्या आचेवर किजी आधी मऊ पडते, मग एका बाजूने वाकायला लागते. हाताने भाजणारे कारागीर तिला ओशिगावारा नावाच्या मुठीच्या ठोकळ्याने दाबतात, उलटतात, पुन्हा दाबतात. दाबायला क्षणभर उशीर झाला तर चकतीची वाटी होते आणि कडा करपतात. दोन्ही बाजू बदामी झाल्या की गरम असतानाच सोया सॉसचा ब्रश फिरतो, चर्र आवाज होतो, आणि मग ती पुन्हा वाळवली जाते. हे शेवटचं वाळवणं नीट झालं नाही तर सेनबेई चिवट लागते. सॉस भाजून झाल्यावर लावायचा, याला कारण आहे: आधी लावला तर चकती भाजायच्या आत सॉसमधली साखर जळते आणि कडू लागते.

मूळ सेनबेई तांदळाची नव्हतीच. नाव चीनमधून आलं, पदार्थ गव्हाच्या पिठाचा. ओसाका-क्योतोच्या बाजूला आजही गहू, साखर आणि अंड्याची, कौलाच्या आकाराची कावारा सेनबेई मिळते. ती खाताना बिस्कीटच आठवतं. तांदळाची खारी सेनबेई ही तोक्योच्या बाजूची. तिचं सर्वांत प्रसिद्ध गाव साइतामा प्रांतातलं सोका. एदोहून (आजच्या तोक्योहून) निक्कोला जाणाऱ्या हमरस्त्यावरचा हा दुसरा मुक्काम. तिथे ओसेन नावाची बाई चहाच्या टपरीवर तांदळाचे दांगो म्हणजे उकडलेले गोळे विकायची, उरलेले नदीत टाकायची. एका वाटसरू सामुराईने ‘चपटे कर, वाळव, भाजून वीक’ असं सुचवलं, अशी दंतकथा आहे. कथा किती खरी कोण जाणे, पण उरलेल्याचं वाळवण हे कुठल्याही तांदूळ खाणाऱ्या मुलखात सुचेल असंच आहे. सुरुवातीला ही सेनबेई मिठाची होती. जवळच्या नोदा गावचा सोया सॉस नदीमार्गाने एदोकडे भरभरून यायला लागला, तेव्हा तिच्यावर सॉस चढला आणि मग तीच तिची ओळख झाली.

उत्तरेकडची नान्बू सेनबेई (आओमोरी, इवाते) वेगळ्या घराण्यातली. गव्हाचं पीठ, मीठ, तीळ. लोखंडी साच्यात भाजलेली. साच्याबाहेर पिळून येणारी पातळ कुरकुरीत कड ‘मिमी’ म्हणजे कान म्हणून वेगळी विकतात, आणि खरं सांगायचं तर मधल्या चकतीपेक्षा तीच जास्त मजेदार असते. आओमोरीतल्या हाचिनोहेत यातली एक जात चक्क रश्श्यात शिजवून खातात. ग्लुटेन टाळणाऱ्यांनी हिच्याकडे फिरकू नये.

ओकाकी आणि अरारे: थंडीत घट्ट, आचेवर हलकी

मोचीगोमे वाफवून, कुटून मोची करतात आणि साच्यात भरून २ ते ५ अंश तापमानात दोन-तीन दिवस ठेवतात. या थंडीत स्टार्च कडक होतं आणि सुरीने नीट कापता येतं. घाईने कापलं तर तुकडे चिकटतात, आकार बिघडतो. मग वाळवण, पण सेनबेईपेक्षा कमी, साधारण २० टक्के पाणी राहील इतकं. फुगायला तेवढं पाणी लागतंच. जास्त वाळलं तर तुकड्याला तडे जातात आणि वाफ तिथूनच निसटते. कमी वाळलं तर बाहेर फुगा आणि आत कच्चा चिकट गोळा.

नावाची गोष्ट नववर्षाची आहे. घरात सजावट म्हणून मांडलेली कागामी मोची ११ जानेवारीच्या सुमाराला उतरवतात. तोवर ती दगडासारखी झालेली असते. सामुराई घराण्यांत तिला सुरी लावणं अशुभ, म्हणून हाताने किंवा लाकडी हातोडीने फोडायची. ‘काकु’ म्हणजे टवका काढणे, त्यावरून ओकाकी. हे टवके भाजून खायचे.

३ मार्चच्या बाहुल्यांच्या सणाला हिना-अरारे विकत घेणार असाल तर कुठल्या भागात आहात ते लक्षात ठेवा. तोक्योकडे त्या नावाखाली साखरेत घोळवलेल्या रंगीत लाह्या मिळतात, ओसाकाकडे सोया-मिठाचे सेंटिमीटरभराचे गोल दाणे. गोड समजून खारं, किंवा उलटं, हाती पडू शकतं.

काकी नो ताने म्हणजे ‘पर्सिमन या फळाची बी’, ती तिखट चंद्रकोर, दोन्ही घराण्यांत सापडते. नीगाता प्रांतातल्या नागाओका इथल्या नानिवाया कंपनीने १९२० च्या दशकात ती काढली; कापायचा लंबगोल साचा कुणाच्या तरी पायाखाली चेपला आणि हा आकार मिळाला, असं सांगतात. नानिवायाची मोचीगोमेची, हलकी आणि खुसखुशीत. कामेदा सेइका कंपनीची, १९६६ पासूनची, उरुचिमाईची, टणक. शेंगदाणे घालून विकलं जाणारं प्रसिद्ध मिश्रण कामेदाचं, आणि २०२० साली लोकांच्या कौलानंतर त्यांनी चंद्रकोरी-शेंगदाण्यांचं प्रमाण ६:४ वरून ७:३ केलं. बिअरबरोबर टणकच बरी. नुसती खायची असेल तर नानिवाया.

भारतात याच कामेदाने दावत बासमतीवाल्या एलटी फूड्सबरोबर भागीदारीत ‘कारी कारी’ आणली. जपानी काकी नो तानेच्या मानाने मसाला जास्त, सोया कमी. ओळख म्हणून ठीक, पण तिच्यावरून सोकाच्या सेनबेईचा अंदाज बांधू नका.

चवींबद्दल थोडं

पहिल्यांदा घेणाऱ्याने सोया सॉसच घ्यावा. सेनबेईवर तो खमंग लागतो, कारण घट्ट चकतीत तो वरच राहतो आणि भाजल्याचा वास टिकतो. ओकाकीच्या जाळीत सॉस आत मुरतो, चव मऊ होते. त्यामुळे मीठ, नोरी, तीळ अशा हलक्या चवी ओकाकीवर जास्त खुलतात. जाड दाण्याची साखर लावलेली झारामे सेनबेई ऐकायला विचित्र, पण गोड-खारट शंकरपाळी आवडणाऱ्यांना नक्की आवडेल.

‘सारादा’ या चवीत भाजीपाला शोधू नका. तिचं नाव सॅलड तेलावरून पडलं आहे: तेल आणि मीठ, एवढीच ती चव. कडकपणा कमी, त्यामुळे मुलांसाठी चांगली. आमानोया कंपनीची काबुकिआगे (१९६०) तळलेली, गोडसर सोयाची. तिच्यावर काबुकी या जपानी नाट्यप्रकारातली घराण्यांची चिन्हं उमटवलेली असतात, तळल्यावर फुगून ती ओळखू येत नाहीत. तळलेल्याचा हिशेब वेगळा: भाजलेली सेनबेई किंवा अरारे १०० ग्रॅमला सुमारे ३७० ते ३८० कॅलरी, तळलेली ४६० च्या आसपास. ‘भाताचाच खाऊ’ म्हणून अख्खं पाकीट संपवणाऱ्यांनी हे बघावं. वसाबीची चव पहिल्या दोन तुकड्यांत नाकात जाते आणि मग जीभ सरावते, तेव्हा लहान पाकीट पुरे.

शाकाहारी असाल तर

इथे तांदळापेक्षा लेबल महत्त्वाचं. नुसता सोया सॉस चालतो, पण त्याच्या मागे बऱ्याचदा ‘कात्सुओ’ म्हणजे बोनिटो मासा येतो. ‘एबी’ कोळंबी, ‘इका’ माखूल, आणि ‘एकिसु’ म्हणजे अर्क. त्याच्या आधी काय लिहिलं आहे ते फोनच्या भाषांतर कॅमेऱ्याने वाचा. ‘कोंबु’ हे समुद्रशेवाळ, त्याला हरकत नाही. मोठ्या कंपन्यांच्या काकी नो तानेत मासळीचा अर्क सर्रास असतो. आइची भागातली एबी सेनबेई तर बटाट्याच्या स्टार्चमध्ये कोळंबी घालूनच करतात. सर्वांत निर्धोक म्हणजे फक्त तांदूळ, मीठ (आणि तेल) लिहिलेली ओकाकी, किंवा छोट्या दुकानातली तांदूळ-सोया एवढ्यावर थांबणारी सेनबेई. तांदळाची असूनही सोया सॉसमध्ये गहू असतो, हे ग्लुटेनवाल्यांनी विसरू नये.

घरी करून बघायची तर

सेनबेई आपल्या मोदकाच्या पिठीची होते. १५० ग्रॅम पिठी, चिमूटभर मीठ, साधारण १२० मिलि उकळतं पाणी. पिठी जुनी असेल तर चमचाभर जास्त. मळून चपटे गोळे करा, मोदकपात्रात २० मिनिटं वाफवा, गरम असतानाच पुन्हा मळा. प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांत २ मिलिमीटर जाड लाटून वाटीने कापा. सावलीत, उलटत-पालटत, एक-दोन दिवस वाळवा. कडक उन्हात वरची बाजू आधी आकसते आणि तडे जातात. वाकवल्यावर कट्कन मोडली की तयार. आधी तव्यावर मंद आचेवर गरम करा, मग जाळीवर, दर काही सेकंदांनी उलटत आणि उलथन्याने दाबत.

ओकाकीसाठी कापलेल्या मोचीच्या तयार वड्या लागतात. सेंटिमीटरभराचे तुकडे करून कोरड्या हवेत चार-पाच दिवस वाळवा, पावसाळ्यात या फंदात पडू नका, बुरशी येते. १६० अंशांच्या तेलात सोडा, फुलले की आच १८० पर्यंत वाढवा. कढई एक तृतीयांशच भरा, तुकडे दुप्पट-तिप्पट होतात. आत ओल राहिली असेल तर तेल उडतं आणि तुकडे एकमेकांना चिकटतात.

नेताना आणि ठेवताना

बॅगेत सेनबेई मोडते, अरारे मोडत नाही. दूरच्या प्रवासाला, वाटायला, ऑफिसात ठेवायला अरारे. एका घरी मान म्हणून द्यायची असेल तर एकेक चकती वेगळी पॅक केलेली सोकाची डबा-सेनबेई.

मुंबईच्या हवेत उघडं पाकीट दोन तासांत नरम पडतं, जाळीदार ओकाकी आधी. नरम पडलेला माल ओव्हनमध्ये १३० अंशांवर पाच मिनिटं गरम करा आणि थंड होईपर्यंत हात लावू नका, कुरकुरीतपणा थंड होतानाच परत येतो. चोशी गावची नुरे सेनबेई असेल तर मात्र हे करू नका. ती भाजल्याबरोबर सॉसमध्ये बुडवलेली, मुद्दाम ओलसर आणि चिवट ठेवलेली असते. तिथली छोटी रेल्वे कंपनी १९९५ पासून ती विकते आणि २००६ मध्ये गाड्यांच्या तपासणीलाही पैसे उरले नव्हते तेव्हा तिने लोकांना सरळ विनंती केली होती, आमची नुरे सेनबेई विकत घ्या. पाकीट उघडून ‘मऊ पडलेली दिली’ म्हणून दुकानदाराशी भांडू नका. मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद कोमट करून खा.