‘मणक्यातला गॅप भरून देतो’ म्हणत माझे 46,700 रुपये घेतले

शहरातल्या मणक्याच्या सेंटरवाल्यांनी माझ्याकडून किती घेतले त्याचा आधी हिशेब सांगतो, कारण गावात कुणी वीस हजार म्हणतं, कुणी लाख. कार्ड 200. एमआरआय 5,500, तोही त्यांनीच सांगितलेल्या सेंटरवर. ट्रॅक्शनच्या, म्हणजे मशीनने कंबर ओढण्याच्या, चोवीस सिटिंगचं पॅकेज 30,000. कंबरेचा पट्टा 3,600. पावडर आणि कॅप्सूल 7,400. एकूण 46,700. शिवाय चौदा खेपा गाडी केली, खेपेला 700 प्रमाणे 9,800 वेगळे. पट्ट्याचे आणि पावडरीचे पैसे रोख घेतले. पावती मागितली तर म्हणाले, ‘पॅकेजमध्येच धरलंय, काका.’ मग वेगळे पैसे कशाचे घेतले, हे मी त्याच क्षणी विचारायला हवं होतं. तोच पट्टा तालुक्याच्या मेडिकलवर 750 ला लटकलेला पाहिला, तेव्हा रात्रभर झोप लागली नाही.

फेब्रुवारीत केळीची बाग निघाल्यावर ठिबकच्या नळ्या गोळा करत होतो. बंडल उचललं आणि कंबरेत अशी चमक निघाली की तिथेच बांधावर बसलो. डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ. आठ-दहा दिवस शेक, मलम, इंजेक्शन सगळं केलं. उसण भरली म्हणून पायाळू माणसाची लाथसुद्धा खाल्ली. मृगबागेसाठी रान तयार करायचं होतं, पोरगा एकटा, आणि मला शौचालयात बसता येत नव्हतं. आज जे मला अडाणी म्हणतात, त्यांनी असे दहा दिवस काढून दाखवावेत. त्यात ‘मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस अंथरुणाला खिळतो’ हे लहानपणापासून ऐकलेलं. आपली ही भीती त्या लोकांना बरोबर माहीत असते.

शहरात एका मंगल कार्यालयात ‘मोफत मणका तपासणी शिबिर’ होतं. शेजारच्या अप्पांनी सांगितलं, ‘माले ते दहा दिनमाच फरक पडना.’ अप्पा खोटं बोलले नाहीत, त्यांना खरंच बरं वाटलं होतं. कंबरेची साधी लचक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय मशीनला मिळतं, हे मला खूप उशिरा कळलं.

शिबिरात पांढरा कोट घातलेल्या माणसाने माझ्या पायाला हातही लावला नाही. पाय सरळ उचलून पाहिला नाही, अंगठ्यात जोर आहे का ते पाहिलं नाही. एमआरआयची फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाला, ‘कंबरेच्या एल-फोर एल-फाइव्ह मणक्यांत गॅप आहे. नस दबली आहे. आत्ता ट्रॅक्शन घेतलं नाही तर सहा महिन्यांत पाय जाईल. चोवीस सिटिंगमध्ये गॅप भरून देतो. 36,000 होतात, आज भरले तर 30,000.’ बायको म्हणाली, उद्या सांगू. मी तिला गप्प केलं.

दहाव्या सिटिंगनंतर त्यांनी मला एक गुळगुळीत रंगीत कागद दिला. त्यावर मणक्याचं चित्र, एक मणका लाल, एक हिरवा, आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘गॅप 62 टक्के भरला’. मी तो कागद घरी सगळ्यांना दाखवला, पोराला मोबाइलवर फोटो काढायला लावला. दुसरा एमआरआय झालेला नव्हता. साधा एक्स-रेसुद्धा नव्हता. मग 62 मोजले कशाने? आणि त्याहून मोठी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होती. छातीला एक पट्टा, कंबरेला दुसरा, मशीन मला पायाकडे खेचतं. म्हणजे मणके एकमेकांपासून लांब ओढायचे. ओढून अंतर वाढतं की भरतं? मी आयुष्यभर शेतात दोऱ्या ताणल्या, पाइप ओढले. मला हे कळायला हवं होतं. आकड्याचंही तेच. माझं वजन 78 किलो, माझ्या आधी एक सडपातळ पोरगा, नंतर माझ्या दुप्पट अंगाच्या एक मावशी. मशीनवर ओढीचा आकडा तिघांनाही 25 च. मी तो आकडा रोज वाचत होतो.

चौदाव्या सिटिंगला कळ घोट्यापर्यंत उतरली. म्हणाले, ‘नस मोकळी होतेय, त्रास होणारच.’ त्या दिवशी थांबलो. राहिलेल्या दहा सिटिंगचे पैसे मागितले तर पावतीच्या मागचं बारीक अक्षर दाखवलं: रक्कम परत मिळणार नाही.

माझी पुतणी नाशिकला फिजिओथेरपी शिकते. तिने सांगितलं की ‘गॅप’ हा आजारच नाही. मणक्यांच्या मधे अंतर असायलाच हवं, तिथे गादी असते. गादी झिजली की अंतर उलट कमी होतं. गादी थोडी बाहेर आलेली तर दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही दिसते, पन्नाशीत साधारण 60 टक्के लोकांना. ट्रॅक्शनवरच्या 32 चाचण्या एकत्र तपासून 2013 मध्येच निष्कर्ष आला होता की कंबरदुखीला त्याचा फरक फारसा पडत नाही, आणि ब्रिटनच्या 2016 च्या मार्गदर्शिकेत तर कंबरदुखीला ट्रॅक्शन देऊ नका असंच लिहिलंय. काही प्रामाणिक फिजिओ अजून ते देतात, थोडा वेळ आराम वाटेल एवढंच सांगतात. त्यांच्यावर माझा राग नाही. शंभर टक्के गॅरंटी देणाऱ्यावर आहे.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिले ना?’ दुसरा, ‘मशीनवर झोपवलं ना? मग फसवणूक कसली?’ अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोचेसाठी तीन चकरा. तिसऱ्या वेळी साहेब बंदोबस्ताला. तिथून आरोग्य खात्याच्या कार्यालयात पाठवलं. तिथला माणूस म्हणाला, तो डॉक्टर असेल तर आमच्याकडे, फिजिओ असेल तर त्यांच्या परिषदेकडे, दोन्ही नसेल तर पोलिसांकडे. तो कोण आहे हे शोधायचं कुणी? मी? दुखऱ्या कंबरेने? लाकडी बाकावर अडीच तास बसवून हे उत्तर. मग तिथली माणसं सेंटरचा दुकान परवाना पाहून आली आणि म्हणाली, ‘वेलनेस सेंटर म्हणून नोंद आहे, कागद बरोबर आहेत.’ कागद बरोबर असणारच, माझ्या हातातल्या कागदावरही 62 टक्के होते! ज्याच्या खुर्चीवर हे थांबवायची जबाबदारी आहे, तो मलाच विचारतो की तुम्ही गेलातच कशाला.

पावतीवर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल तर खिशातून पैसा काढू नका. फिजिओथेरपिस्टची राज्यात वेगळी परिषद आहे, क्रमांक मागा. पॅकेज एकदम भरू नका, प्रत्येक सिटिंगचे द्या. अंगाला हात न लावता फक्त फिल्म पाहून बोलणाऱ्याकडून उठून या. ‘आजच भरा’ म्हटलं की बाहेर पडा. पण लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना झालं तर एक रात्रही वाट पाहू नका, मोठ्या दवाखान्यात जा. आणि बायको थांब म्हणाली तर थांबा.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, सल्ल्यासाठी 1915 वर फोन करता येतो. मी अर्ज केलाय. आता रोज सकाळी बांधावरून चालतो, पुतणीने दिलेले व्यायाम करतो, कळ पोटरीच्या वर सरकली आहे. रंगीत कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय, तारखेला तोच पुढे ठेवणार आहे. त्याच सेंटरचा असा कागद आणखी कुणाकडे असेल तर फाडू नका.