शिडाच्या बोटीवर सोलर: केबिनच्या छतावर की मागच्या कमानीवर?

वॅटचा हिशेब तुम्ही एव्हाना केला असेल. फ्रिज, ऑटोपायलट, व्हीएचएफ रेडिओ, नांगरावरचा दिवा, मोबाइल धरून तीस फुटांच्या आसपासच्या बोटीला २०० ते ३५० वॅटच्या दरम्यान कुठेतरी आकडा येतो. माणूस अडतो तो पुढे, पॅनेल बसवायचं कुठे या प्रश्नावर. केबिनच्या छतावर चिकटवायची लवचिक पॅनेलं, की मागे स्टीलची कमान उभी करून तिच्यावर काचेची? मी आधी पहिलं केलं, तीन हंगाम वापरलं, मग दुसरं केलं. बोट मुंबई बंदरात बोयाला (पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपाला) बांधलेली असते, ऑक्टोबर ते मे पाण्यात, आणि हंगामात एक-दोनदा मुरूड, जयगड, विजयदुर्ग करत मालवणपर्यंत जाते. माझं मत याच किनाऱ्यापुरतं धरा.

लवचिक पॅनेलांचा मोह मला अजून समजतो. १०० वॅटचं पॅनेल जेमतेम दोन किलोचं, तीन मिलिमीटर जाड. एका शनिवारी मी तशी दोन चिकटवली, वायर डोलकाठीच्या बुडाशी आत घेतली आणि रविवारी बोट बाहेर काढली. बोटीचं रूप बदललं नाही, वाऱ्याला अडणारं काही वाढलं नाही. तापतात मात्र फार. पॅनेलवर छापलेले वॅट २५ अंशांना मोजलेले असतात आणि वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. डेकला चिकटलेल्या पॅनेलखालून वारा फिरत नाही. एप्रिलमध्ये दुपारी त्यावर तळहात टेकवता येत नसे. तरी तेवढ्यासाठी मी ती काढली नसती.

काढली ती सावलीपायी.

आपल्याकडे सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, वाहते आणि दुपारी वायव्येचा खारा वारा धरतो. नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करते, म्हणजे दुपारी नाळ, बोटीचं पुढचं टोक, वायव्येला. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य नैऋत्येला उतरायला लागलेला असतो. बूमची, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची, सावली उजव्या हाताच्या पॅनेलवर लांबच्या लांब पडते. विजयदुर्गला किल्ल्याच्या आडोशाला नांगर टाकून बसलो असताना मी कंट्रोलरचा (पॅनेलांची वीज बॅटरीत सोडणाऱ्या यंत्राचा) आकडा बघत होतो: नऊ अँपिअरवरून चार. बोट वाऱ्यावर जरा झुलली की परत सात, परत चार. पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडली होती आणि एकावरची सावली दुसऱ्यालाही नडत होती; ती पॅरलल, म्हणजे समांतर केली. फरक पडला, नाही असं नाही. बूम दोरीने बाजूला ओढून बांधायची सवयही लावून घेतली.

पण कोकणातल्या दुपारी बूमवर कापडी छत टाकल्याशिवाय बोटीवर बसवत नाही. ते छत टाकलं की दोन्ही पॅनेलं त्याच्याखाली झाकली जातात. ते काढलं की पॅनेलं चालतात आणि माणसं भाजतात. मे महिन्याच्या मध्यावर, मुंबईत सूर्य डोक्यावर येतो त्या दिवसांत, बूमची सावली भर दुपारी दोन पॅनेलांच्या मधल्या पट्ट्यात पडते आणि दोन्ही मोकळी राहतात. नेमकं तेव्हाच छत सगळ्यात जास्त लागतं. जयगडच्या खाडीत एकदा बरोबर सत्तरी ओलांडलेली आई होती. अकरा वाजता छत बांधलं ते साडेपाचला सोडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे बॅटरी इतकी उतरली होती की फ्रिज बंद पडला आणि आदल्या संध्याकाळी घेतलेली सुरमई टाकून द्यावी लागली. इंजिन चालवून बॅटरी भरता आली असती, पण ते करायला लागू नये म्हणून तर सोलर घेतलं होतं.

कमान कापडी छताच्या मागे येते आणि डोक्याच्या वर असते. माझा सगळा निर्णय या एका वाक्यात आहे. आता छत बांधलेलं असतं, खाली माणसं झोपलेली असतात आणि मागे पॅनेलं आपलं काम करत असतात. खालून वारा फिरतो म्हणून तापतातही कमी. दोन्हींचे वॅट सारखे धरले तरी दिवसाअखेर बॅटरीत पडणारी वीज माझ्या अनुभवात दीडपट तरी आहे. मोजमाप काटेकोर नाही, पण इंजिन फक्त बॅटरीसाठी लावल्याचं गेल्या दोन हंगामांत आठवत नाही.

कमानीची दुखणी आहेत, ती सांगायला हवीत. खर्च पॅनेलांपेक्षा कमानीवर जास्त होतो. पहिल्या कारागिराने गंजाला जास्त टिकणारं ३१६ दर्जाचं स्टील सांगून ३०४ चा पाइप वापरला. एका हंगामात प्रत्येक जोडाखाली गंजाचे तांबूस ओघळ डेकवर उतरले. पाइप कापण्याआधी दर्जाची खात्री करून घ्या. बोटीच्या मागच्या टोकाला वजन वाढतं, धक्क्याला लावताना कमानीचा कोपरा सांभाळावा लागतो. सावली अजिबात पडत नाही असंही नाही. मालवणहून परतताना वायव्येच्या वाऱ्याविरुद्ध टॅक करत, म्हणजे आलटून-पालटून तिरपी दिशा धरत, यायचं असतं, आणि पश्चिमेकडच्या टॅकवर दुपारनंतर शिडाची सावली कमानीवर येतेच. शिवाय थंडीत कुरव पक्ष्यांना बसायला ती फार आवडते. पॅनेलच्या एका सेलवर विष्ठा वाळली तरी आकडा उतरतो, त्यामुळे ओलं फडकं कॉकपिटमध्येच ठेवतो.

जूनआधी बोट वर ओढली की काचेची पॅनेलं चार-चार बोल्ट सोडून घरी नेता येतात. चिकटवलेली चार महिने ताडपत्रीखाली डेकवरच राहतात. माझं एक काढताना गोंदाबरोबर जेलकोटचे, म्हणजे बोटीच्या वरच्या गुळगुळीत थराचे, पापुद्रे निघाले.

तुमची बोट बावीस-चोवीस फुटी असेल, फ्रिज नसेल, मांडव्यापर्यंत जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल, तर कमानीच्या वाटेला जाऊ नका असंच मी म्हणेन. केबिनच्या छतावरचं एक १०० वॅटचं पॅनेल पुरेल. रात्री नांगरावर काढणार असाल तर मात्र पैसे देण्याआधी एक सुट्टी यासाठी घालवा. पॅनेलच्या मापाचे दोन पुठ्ठे कापा, एक केबिनच्या छतावर चिकटपट्टीने लावा, दुसरा मागे दोन बांबूंवर बांधा. नेहमीच्या खाडीत नांगर टाका, नेहमीसारखं कापडी छत बांधा, आणि दहा, एक व चार वाजता दोन्ही पुठ्ठ्यांचे फोटो काढा.