इंजिन बांधायचं की दुसरं बसवायचं? उद्यमनगरातल्या कामाचा आढावा

कोल्हापुरात गाडी धूर मारायला लागली की सल्ला ठरलेला असतो: "उद्यमनगरात न्या, इंजिन बांधून घ्या." म्हणजे ते खोलून, झिजलेले भाग घासून किंवा बदलून पुन्हा जोडायचं. ऑइल इंजिनं आणि फौंड्र्यांवर वाढलेल्या या गावात बोअरिंग (सिलिंडर आतून कातणं), क्रँक ग्राइंडिंग (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा घासणं) आणि हेड फेसिंग (सिलिंडरवरचं झाकण सपाट करणं) करणारे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. जुनी इंडिका, सुमो, बोलेरो अशा कास्ट आयर्न ब्लॉकच्या (सिलिंडर असलेला इंजिनाचा ओतीव लोखंडी सांगाडा) डिझेल गाड्यांना हा सल्ला शंभर टक्के लागू पडतो. ब्लॉक अॅल्युमिनियमचा असेल, तर हा सल्ला डोळे झाकून मानू नका.

त्याआधी इंजिन खरंच गेलंय का ते बघा. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येऊन दोन मिनिटांत थांबत असेल, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हवरून ऑइल आत जाऊ न देणारे) गेलेले असतात. तेवढ्यासाठी ब्लॉक खोलू देऊ नका. चढाला सतत निळा धूर, ब्रिदरमधून (इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारी नळी) फुसफुस आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल, अशी लक्षणं असतील तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्या. इंजिन गरम, पेट्रोल गाडीचे सगळे प्लग काढलेले आणि थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. सिलिंडर-सिलिंडरमधला फरक पंधरा टक्क्यांच्या वर गेला, तर पेट्रोल गाडीच्या कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा, म्हणजे काम हेडवरच भागू शकतं. डिझेलला गेज वेगळं लागतं, पेट्रोलच्या गेजवर तो दाब मोजू नका.

आता मशीनकाम. इथल्या जुन्या हातांना बोअर आणि क्रँक चांगलं जमतं, त्याबद्दल तक्रारीला जागा कमी. पण काम देताना मोजमाप लिहून मागा. प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजलेला हवा. अंडाकृतीपणा किंवा उतार ०.१ मिमीच्या आसपास गेला असेल, तर नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. गोल रिंग वाकड्या बोअरमध्ये बसत नाही आणि ऑइल पिणं चालूच राहतं. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारू देऊ नका, कारण क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) त्या पिस्टनवरून ठरतो, डब्यावरच्या 'ट्वेंटी' या ओव्हरसाइजच्या (मूळ मापापेक्षा मोठ्या) आकड्यावरून नाही. रिंगेचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) ती बोअरमध्ये घालून फीलर गेजने बघायचा. ७० मिमीच्या बोअरला साधारण ०.२५ ते ०.३० मिमी, पक्का आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधला. क्रँकच्या जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) कडेची गोलाई ग्राइंडिंगनंतर शाबूत आहे का तेही पाहा. तिथं चौकोनी कोपरा राहिला तर क्रँक तिथूनच तडकतो.

खरी नाराजी आहे ती धुण्याबद्दल. होनिंगनंतर (बोअर दगडाने घासल्यावर) ब्लॉक डिझेलने पुसला की झालं, असं अनेक ठिकाणी धरतात. दगडाची बारीक कणी डिझेलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश हवा, पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत. मग लगेच वाळवून ऑइलचा हात. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे (ऑइल वाहणारे आतले मार्ग) प्लग काढून आतून ब्रश मारलाय का, हे समोर उभं राहून बघा. बेअरिंग उडालेलं इंजिन असेल तर ऑइल कूलर आणि टर्बोची ऑइल पाइप बदलून किंवा नीट धुऊनच लावायची. तिथं अडकलेला कीस नवं बेअरिंग आठवड्यात खातो आणि दोष मशीनवाल्यावर येतो. हेड बोल्ट ताणले जाणारे असतील तर नवेच घ्या. इंजिन गरम होऊन बसलं असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंखा न तपासता बांधणं व्यर्थ आहे.

अॅल्युमिनियम ब्लॉकमधल्या ओतीव लोखंडी स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) पातळ असतात. कंपनी ओव्हरसाइज पिस्टन देत नसेल, तर नवी स्लीव्ह बसवावी लागते. ते काम अचूक झालं नाही तर स्लीव्ह सरकते. अशा गाडीला कंपनीचं हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन-क्रँकसकट ब्लॉक, जवळपास नेहमी बरं. पैसे जास्त जातात, पण डोकेदुखी कमी होते.

जुन्या बाजारातलं फुल इंजिन स्वस्तात मिळतं, पण आमच्या यादीत ते शेवटी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेच्या काठच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. चालू इंजिनात पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तरीही असं इंजिन टेबलावर झकास दिसतं. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून भिंतीवर गंजाची रेघ आहे का बघा. प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणून उंची मोजा: एखादा खाली राहिला तर रॉड वाकडा. बिल आणि इंजिन नंबर तपासून घ्या. नंबर बदलला की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, विमा कंपनीलाही. एमएच-०९ ची आरसी तशीच ठेवून फिरलात तर क्लेमच्या वेळी अडचण.

बांधलेलं इंजिन सुरू करताना आधी इंधन बंद ठेवून सेल्फ मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. तासभर आयडलवर घरघरत ठेवू नका, रिंगा बसत नाहीत. कळे-साळवणच्या रस्त्यावर वेग कमीजास्त करत पहिले किलोमीटर काढा. माणसं भरून पन्हाळा चढणं हजार किलोमीटरनंतर. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून घडी उलगडा. बारीक चमक चालते, पण चुंबकाला न चिकटणारे करडे-तांबूस पत्रे दिसले तर ते बेअरिंगचे आहेत; त्याच दिवशी गाडी परत न्या.