पचनसंस्था शिकवायची कशी: विषयवार की केस धरून?

विषयवार पद्धतीत यकृत एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये भेटतं, बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं रंगद्रव्य) बायोकेमिस्ट्रीत, सिरॉसिस (यकृत कठीण होण्याचा आजार) दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजीच्या जारमध्ये, आणि पोट फुगलेला रुग्ण वॉर्डात. या सगळ्याची सांगड विद्यार्थ्यानेच घालायची. हुशार मुलं घालतात, बाकीची पाठ करतात. केस धरून, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या तक्रारीपासून सुरुवात करून, शिकवणं नवं नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने 1969 मध्ये अख्खा अभ्यासक्रमच तसा बेतला. आपल्याकडे 2019 च्या एमबीबीएस अभ्यासक्रमातही विषय एकमेकांत गुंफण्यावर भर आहे.

केस पद्धत खरी खुलते ती काविळीत. ‘लघवी गडद आणि शौच पांढरट’ एवढ्या माहितीवर तासभर चर्चा चालते. पाण्यात विरघळणारं बिलिरुबिन लघवीत उतरतं, पित्त आतड्यात पोचत नाही म्हणून शौचाचा रंग जातो. मग अडथळा कुठे? पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यामागून जाते, हे अ‍ॅनाटॉमीचं वाक्य तिथे पहिल्यांदा कामाचं वाटतं. रक्तपेशी फुटून झालेल्या काविळीत लघवीत बिलिरुबिन का नसतं, हेही मुलं स्वतःच विचारतात.

अडचण आहे ती माणसांची. 150 ची बॅच, दहा-दहांचे गट म्हणजे एकाच वेळी 15 शिक्षक. ते कुठून आणणार? शिवाय विद्यापीठाचे पेपर विषयवारच असतात. पेरिटोनियमच्या (पोटातल्या अवयवांवरच्या पातळ आवरणाच्या) घड्या तर केसवरून कळतच नाहीत. तिथे प्रेतावर हात घालूनच शिकावं लागतं. परदेशी केस जशाच्या तशा उचलू नयेत, त्यात क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) फार आणि आतड्याचा क्षयरोग, यकृतातलं अमीबाचं गळू जवळजवळ नाहीच. जलोदर (पोटात पाणी साठणं) तपासण्याचा हात दोन्ही पद्धतींत खाटेपाशीच बसतो.

शिक्षक पुरेसे असतील तर यकृत आणि पित्तमार्ग पूर्ण केसवर न्या. नसतील तर विषयवारच शिकवा, फक्त काविळीचे तास तीन विभागांनी मिळून घ्या. अपेंडिक्ससाठी तर वेगळा तासही नको. दुखणं आधी बेंबीभोवती का आणि मग उजवीकडे खाली का सरकतं, हे मज्जातंतूंच्या लेक्चरमध्येच पाच मिनिटांत सांगून होतं.