ट्रेलरसाठी आरसे: आम्ही मिलेन्को का ठेवले

आमची पिकअप २०२१ ची फोर्ड एफ-१५०. कंपनीकडून आलेले आरसे लहान, ट्रेलर ओढण्यासाठी नसलेले. मागे जोडतो तो २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे राहण्याची सोय असलेली ओढायची गाडी, रुंदी ८ फूट. मिलेन्को कंपनीचे वरून जोडायचे आरसे विकत घेण्याआधी मी टेप घेऊन सगळं मोजलं, आणि माझं स्पष्ट मत आहे की दुकानात किंवा ऑनलाइन काहीही बघण्याआधी प्रत्येकाने हेच करावं. पिकअपचं अंग सुमारे ८० इंच. डाव्या आरशाच्या टोकापासून उजव्याच्या टोकापर्यंत ९६ इंचांना जेमतेम कमी. आणि ट्रेलर ९६. आरशाची बाहेरची कड आणि ट्रेलरची भिंत जवळजवळ एका रेषेत! अशा आरशात शेजारच्या लेनचा तिरका तुकडा दिसतो, बाकी सगळी ट्रेलरची भिंत. ठीक मागे चिकटून येणारी गाडी दिसतच नाही. शिवाय उजव्या अंगाला ऑनिंगची, म्हणजे सावलीच्या कापडी छताची, गुंडाळी आणखी काही इंच बाहेर येते, ती वेगळीच. अमेरिकेत ट्रेलर १०२ इंचांपर्यंत रुंद असतात. तुमचा तसा असेल तर दोन्ही बाजूंना अजून तीन-तीन इंच धरा.

आम्ही कोलोरॅडोत राहतो. इथला कायदा सांगतो की आरशातून मागचा किमान २०० फूट रस्ता अडथळ्याविना दिसला पाहिजे. कायदा बाजूला ठेवला तरी डोंगरात उतारावर लेन बदलताना मागचं दिसलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला पट्ट्याने किंवा क्लॅम्पने बसवायचा, कुठल्याही गाडीला चालणारा, सगळ्यात स्वस्त. दुसरा तुमच्या गाडीच्या आरशावर मोज्यासारखा चढणारा. के-सोर्स आणि सीपा या कंपन्यांचे असे आरसे गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळतात. तिसरा म्हणजे मूळ आरसा काढून त्या जागी बाहेर ओढता येणारा मोठा आरसा बसवणं.

पट्ट्याचे आरसे मी मैत्रिणीच्या गाडीवर वापरून पाहिले. नाव घेत नाही, कारण तसे बरेच मिळतात. उभ्या गाडीत छान दिसतं. ताशी साठ मैलांवर पट्टा ढिला पडत जातो, काच थरथरते आणि मागच्या ट्रकचे दोन दिवे चार दिसायला लागतात. अंतराचा अंदाजच येत नाही. आरसा किती मोठा आहे यापेक्षा तो किती स्थिर आहे, हे मी कितीतरी पटींनी महत्त्वाचं मानते. हलणारा मोठा आरसा घेऊन काही उपयोग नाही.

मिलेन्को ही ब्रिटनची कंपनी, तिकडच्या कॅरॅव्हॅनवाल्यांसाठी आरसे बनवते. त्यांच्या एरो प्रकारात पट्टा नाही, दोन क्लॅम्प आहेत. ते गाडीच्या आरशाच्या कवचाला धरतात, आतून रबर आहे, आणि हाताने स्क्रू पिळून घट्ट करायचे. शंभर डॉलरच्या आसपास जोडी मिळाली. बसवताना एक गोष्ट सांभाळा: कवच आधी ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. धूळ राहिली तर पकड बसत नाही आणि रंगावर ओरखडे येतात. पाच-दहा मैल गेल्यावर थांबून स्क्रू पुन्हा एकदा पिळायचे, ही सवय लावून घ्या.

खरी परीक्षा झाली यूएस-२८५ महामार्गावर. डेन्व्हरहून ब्युएना व्हिस्टाला जाताना हा रस्ता केनोशा पासला सुमारे १०,००० फुटांवर चढतो आणि पलीकडे साउथ पार्कच्या उघड्या माळावर उतरतो. तिथे आडवा वारा असा सुटतो की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. समोरून अठरा चाकी ट्रक गेला की हवेचा धक्का आधी आमच्या पिकअपला, मग ट्रेलरला बसतो. त्या धक्क्यातही काचेतलं चित्र जागेवर राहिलं. किंचित कंप होता, पण मागच्या गाडीचा रंग आणि अंतर दोन्ही कळत होतं. तिथेच मी मनाशी पक्कं केलं की हेच ठेवायचे.

काचेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण निवडताना इथेच गोंधळ होतो. मिलेन्कोत सपाट काच आणि फुगीर काच असे दोन पर्याय आहेत. फुगीर काचेत जास्त परिसर दिसतो, पण गाड्या आहेत त्यापेक्षा लांब वाटतात. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे गाडीसोबत येणारा ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाटच असावा लागतो. उजवीकडे फुगीर चालतो आणि म्हणूनच त्यावर ती इशाऱ्याची ओळ छापलेली असते. मी जोडलेले आरसे दोन्ही बाजूंना सपाट घेतले. लांबचा रस्ता सपाट काचेत बघायचा. क्लॅम्प लावल्यावरही गाडीच्या मूळ आरशाचा बराचसा भाग मोकळा राहतो; तो थोडा खाली झुकवला की ट्रेलरची चाकं दिसतात. पेट्रोल पंपावर वळताना किंवा कॅम्पसाइटवर मागे घेताना चाकं दिसणं फार गरजेचं. ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या जागेत गाडी आली की पेटणारा, दिवाही मूळ काचेतच असतो, तोही झाकला जात नाही.

मग कायमचे मोठे आरसे का नाही? नवऱ्याचा आग्रह तोच होता, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यात वर मोठी सपाट काच, खाली लहान फुगीर काच, आतून बटणाने फिरवता येतं, थंडीत काच तापते. पण जोडीला काहीशे डॉलर, त्यात एफ-१५० च्या दारातल्या वायरिंगचे प्रकार वेगवेगळे. आठ पिनांचा प्लग की बावीस पिनांचा, हे दार उघडून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. नाहीतर ब्लाइंड स्पॉटचा दिवा, इंडिकेटर, घडी होणं, यातलं काहीतरी बंद पडेल.

माझा नकार मात्र पैशामुळे नव्हता. माझी उंची पाच फूट एक इंच. सीट वर केली तरी ते उंच आरसे बरोबर माझ्या नजरेच्या रेषेत येतात. ओळखीतल्यांच्या ट्रकमध्ये बसून पाहिलं, तर चौकात डावीकडे वळताना झेब्रा क्रॉसिंगवरचं आख्खं माणूस आरशामागे लपलं. हीच गाडी मी रोज मुलांच्या शाळेत नेते. शाळेच्या दारात, लहान मुलं रस्ता ओलांडत असताना, हे मला मान्य नाही. ट्रेलर जोडलेला नसताना आरसा लहानच हवा, आणि क्लॅम्पचे आरसे दोन मिनिटांत निघतात.

तुम्ही उंच असाल, महिन्यातून बरेचदा ओढत असाल, किंवा नवीन गाडी घेणार असाल तर कंपनीकडूनच ट्रेलरचे आरसे मागून घ्या. नंतर बदलण्यापेक्षा ते केव्हाही बरं. उन्हाळ्यातल्या सुट्ट्यांपुरतं ओढणाऱ्यांना क्लॅम्प पुरे. रॅम पिकअप घेणाऱ्यांनी हेही पाहावं की त्यांचे ट्रेलरचे आरसे आडव्याचे उभे करता येतात.

क्लॅम्पच्या आरशात सहसा काच तापवायची सोय नसते. ऑक्टोबरमधल्या सकाळी कॅम्पवरून निघताना दव गोठलेलं असतं, तेव्हा खरवडायची पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवा. आणि मुक्कामाला पोचलात की आरसे काढून आत घ्या. ट्रेलरच्या शेजारून रात्री अंधारात चालणाऱ्याच्या डोक्याला लागतील इतक्या उंचीवर ते असतात.