व्यसनमुक्ती केंद्रात ‘पोचवून देणाऱ्या’ माणसाने आम्हाला कसं फसवलं

भावाला विचारून हे लिहिते आहे. ‘लिही ताई, माझं नाव तेवढं घालू नकोस,’ असं तो म्हणाला. पैसे गेले 1,28,000 रुपये. त्यातले काही आईच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले होते. पण पैसे परत कमावता येतात. त्याचा जीव दोनदा जाता जाता वाचला, आणि दोन्ही वेळा त्या माणसाच्या शब्दावर विसंबून आम्ही घरच्यांनीच त्याला तिथवर नेलं होतं. ते मनातून जात नाही.

माझा धाकटा भाऊ 38 वर्षांचा. स्वतःचा टेम्पो आहे, मार्केट यार्डात पालेभाजीचा माल पोचवतो. पहाटे तीनला घर सोडायचं, दुपारी परत. दारू आधी कामानंतर होती, मग कामाआधी आली. शेवटी शेवटी सकाळची क्वार्टर पोटात गेल्याशिवाय त्याला चावी धरता यायची नाही, हात इतके थरथरायचे. भावजयीने दोन वर्षं हे कुणाला कळू दिलं नाही. मलाही नाही.

चांगल्या जागा आम्हाला माहीत नव्हत्या असं नाही. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, अवचट दांपत्याने सुरू केलेलं, पुण्यात कुणाला सांगायला नको. पण तिकडे चल म्हटलं की भाऊ टेम्पो घेऊन निघून जायचा. आणि आम्हाला भीती होती ती लोकांची. त्याची मुलगी दहावीला, सोसायटीत सगळे ओळखीचे. एवढ्यात ओळखीतल्या एकाने एक कार्ड दिलं. त्यावर लिहिलेलं, ‘व्यसनमुक्ती सल्लागार, घरातून नेण्याची सोय, पूर्ण गुप्तता’.

तो माणूस धनकवडीला घरी आला. नीट इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बोलणं अगदी घरच्यासारखं. म्हणाला, ‘ताई, तुम्ही काहीच करायचं नाही. न्यायचं आम्ही, सोडवायचं आम्ही, परत आल्यावर सांभाळायचंही आम्ही.’ थकलेल्या माणसाला यापेक्षा गोड काय वाटणार? मला रडूच आलं. आता आठवतं की तासाभरात त्याने विचारलं काय, तर घर स्वतःचं आहे का आणि टेम्पोवर कर्ज आहे का. रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, कावीळ झाली होती का, साखर आहे का, यातलं एक अक्षर नाही. पुढे ससून रुग्णालयात हेच प्रश्न डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारले. तुमच्या दारात बसलेला माणूस हे विचारत नसेल तर तो उपचारासाठी आलेला नाही, एवढं तिथेच ओळखा.

नेण्याचे आणि भरतीचे 18,000. महिन्याचे 15,000, तीन महिन्यांचे आगाऊ. मी अर्ध्या कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. मी स्वतः पतसंस्थेत नोकरी करते, कोऱ्या कागदावर सही करू नका असं रोज दहा जणांना सांगते.

गाडी रात्री साडेअकराला आली. चौघे होते. भाऊ झोपेत होता. दोघांनी दंड धरले, एकाने तोंडाशी हात नेला. ‘ताई, सांग ना यांना,’ असं तो मला म्हणाला, आणि मी दाराआड उभी राहिले, कारण सल्लागाराने बजावलं होतं की घरच्यांनी समोर यायचं नाही. त्याची एक चप्पल जिन्यात राहिली. ती भावजयीने तीन महिने उंबऱ्याशी ठेवली होती.

आता जे मला नंतर कळलं आणि आधी कळायला हवं होतं, ते सविस्तर सांगते. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडणं हे औषधोपचाराचं काम आहे. गर्द म्हणजे ब्राउन शुगर घेणारे नशा तुटल्यावरच्या ज्या त्रासाला टर्की म्हणतात, तसा त्रास दारूलाही होतो, पण दारूचा जीवघेणा ठरू शकतो. शेवटच्या पेगनंतर सहा ते 48 तासांत आकडी येऊ शकते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो, वेळकाळ कळेनासा होतो, नसलेलं दिसायला लागतं, ताप येतो, नाडी धावते. म्हणून तिथे डॉक्टर लागतो. नाडी आणि रक्तदाब बघून मोजून दिलेली आणि हळूहळू कमी केलेली औषधं लागतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात.

भावाला नेलं ते शहराबाहेर सोलापूर रस्त्याच्या बाजूला एका भाड्याच्या बंगल्यात. हॉलमध्ये वीस-बावीस गाद्या. तो तिथे होता तेवढ्या दिवसांत डॉक्टर त्याने एकदा पाहिला, तोही पाचव्या दिवशी. दुसऱ्या रात्री त्याला आकडी आली, जीभ चावली गेली. तिसऱ्या दिवशी तो फरशीवरून कोथिंबिरीच्या जुड्या उचलत होता. फरशीवर काहीच नव्हतं. उचलायचा, हातावर झटकायचा, बाजूला रचायचा आणि शेजारच्याला विचारायचा, ‘शेकडा भरला का?’ लोक हसत होते. मग त्याला चादरीने खाटेला बांधलं आणि तिथल्याच एका पोराने झोपेचं इंजेक्शन दिलं. हे मला भावाने नाही सांगितलं, त्याला त्यातलं काही आठवत नाही. त्याच्या बाजूच्या गादीवर असलेल्या एका काकांनी नंतर सांगितलं.

त्याच रात्री सल्लागाराचा मला फोन. ‘पेशंट आक्रमक झालाय, खासगी दवाखान्यात हलवतोय, 25,000 लगेच टाका.’ मी फोनवरूनच टाकले. कुठल्याही दवाखान्यात त्याला नेलं नव्हतं. बिल मागितलं की ‘डिस्चार्जला सगळं एकत्र देतो’ हे उत्तर.

भेट महिनाभर नाही, फोनही नाही. ‘पेशंट भावनिक होतो, घरी यायचं म्हणतो,’ हे कारण. आम्हाला ते पटलं, कारण कानावर तेच पडलेलं असतं. कायदा मात्र वेगळं सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. अशा लोकांना भरती करून घेणाऱ्या केंद्राची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. भरती झालेल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांना भेटण्याचा आणि फोनवर बोलण्याचा हक्क आहे. स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसलेल्याला घरच्यांच्या अर्जावरून भरती करायचं तर दोघांनी वेगवेगळं तपासायचं असतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, आणि तीही भरती आधी 30 दिवसांपुरतीच. मध्यरात्री चार माणसं पाठवून उचलून नेणं यात कुठेच बसत नाही. केंद्रात तक्रारीसाठीच्या मंडळाचा पत्ता आणि फोन दिसेल असा लावणं बंधनकारक आहे. मी 40 व्या दिवशी भेटायला गेले तेव्हा भिंतीवर फक्त वेळापत्रक आणि देवाचा फोटो होता.

त्या भेटीत एक माणूस सतत मध्ये बसलेला. भाऊ दुसऱ्याच कुणाच्या टी-शर्टात, गालफडं बसलेली. ‘बरा आहे,’ एवढंच म्हणत होता. मी त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू नेले होते. डबा त्या माणसाने घेतला, ‘सगळ्यांना वाटून देतो’ म्हणाला. भावाने डब्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी तेव्हाच त्याला घेऊन निघायला हवं होतं. निघाले नाही. तीन महिन्यांचे पैसे भरलेत, पूर्ण होऊ दे, असा हिशोब डोक्यात होता.

तो सुटला त्या दिवशी फसवणुकीचा दुसरा भाग सुरू झाला, आणि लोकांना कमी माहीत आहे तो हाच. केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात. तोच टेम्पो, तोच नाका, तेच मित्र, आणि खिशात पैसे. गर्द घेणाऱ्यांच्या बाबतीत तर आणखी मोठा धोका: बंद काळात शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते आणि माणूस जुनाच डोस घेतो, त्यात जीव जातो. घरच्यांच्या पोटातली ही भीती सल्लागाराला पक्की ठाऊक असते. ‘आफ्टरकेअर, सहा महिने, 40,000. रोज फोन, आठवड्याला घरी भेट, लघवीची तपासणी, कामाची सोय.’ आम्ही दिले. फोन तीन आले. भेट एकही नाही.

आणि त्यासोबत त्याने दिली एक पाकीटभर पांढरी पावडर. ‘आयुर्वेदिक आहे, रोज चहात टाका, त्याला सांगू नका. आपोआप मन उडेल.’ भावजय रोज सकाळी चिमूटभर टाकायची. भाऊ अकरा दिवस प्यायला नाही. आम्ही सत्यनारायण घालायचं ठरवत होतो.

बाराव्या दिवशी एका मित्राच्या वाढदिवसाला त्याने दोन पेग घेतले. पंधरा-वीस मिनिटांत तोंड लालभडक, डोळे तांबारलेले, छातीत धडधड, उलट्या थांबेनात, मग एकदम पांढराफटक होऊन खाली. मित्रांनी ससूनला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘दारू सोडायची गोळी चालू आहे का?’ भाऊ म्हणाला नाही. त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. भावजय भिंतीला टेकून उभी होती, ती हळूच म्हणाली, ‘ताई, मी टाकत होते.’

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. डायसल्फिराम नावाचं औषध आहे. ते अंगात असताना दारू प्यायली की दारूचं शरीरात पुढे विघटन होत नाही, मधलाच एक विषारी पदार्थ साचत जातो. चांगलं औषध आहे, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय-यकृत तपासून, दारू थांबून किमान बारा तास झाल्यावरच सुरू करतात. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. न सांगता देणं म्हणजे त्याच्या पायाखाली सापळा लावणं. पावडर नेमकी कशाची हे तपासणीशिवाय सांगता येणार नाही, पण लक्षणं तशीच आहेत, असं त्या म्हणाल्या.

भाऊ दोन दिवसांनी सावध झाला. बायकोने रोज चहातून काय दिलं हे त्याला कळलं. तो ओरडला नाही. पण पुढचे कितीतरी दिवस त्याने घरचा चहा घेतला नाही, टपरीवर जाऊन प्यायचा. ज्या बायकोने त्याच्यासाठी सगळं सोसलं तिच्या हातचं खायला तो घाबरत होता. हे नुकसान कुठल्या पावतीत धरायचं?

सल्लागाराचा नंबर बंद. केंद्रवाले म्हणाले, तो आमचा माणूसच नाही, गिऱ्हाईक आणतो आणि कमिशन घेतो. पावत्यांवर ‘सेवा शुल्क’ एवढंच, नोंदणी क्रमांक नाही. मी पोलीस चौकीत अर्ज दिला, प्राधिकरणाला पत्र पाठवलं आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं. फोनवरून पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच सांगायचं. मी आठ महिन्यांनी सांगितलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. नशेबद्दल नुसतं विचारायचं असेल तर सरकारचा 14446 हा फुकट नंबर आहे. तो तेव्हाही होता. आम्ही कार्डावरचा नंबर लावला.

भाऊ आता सरकारी ओपीडीत उपचार घेतो. या वेळी फॉर्म त्याच्या हातात दिला, त्याने वाचायला वीस मिनिटं घेतली, मागे रांग खोळंबली तरी कुणी घाई केली नाही. संध्याकाळी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या, मीटिंगला जातो. तिथे फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. आमच्या 40,000 च्या पॅकेजमध्ये जे मिळणार होतं त्यातलं बरंचसं तिथे मिळतं: रात्री दोनला तलफ आली तर फोन उचलणारा माणूस. मधे एकदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायला. त्याने स्वतः येऊन सांगितलं, लपवलं नाही. भावजय घरच्यांच्या मीटिंगला जायला लागली आहे. सुरुवातीला नुसती बसून रडायची, आता बोलते.

ते पाकीट अजून माझ्याकडे आहे, प्लास्टिकच्या डबीत, तारीख लिहून. आयोगापुढे दाखवायचं आहे. तुमच्या घरात अशीच पुडी असेल आणि तुम्ही ती कुणाच्या चहात किंवा भाजीत घालत असाल, तर आजच थांबवा. ती फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि ज्याला देत होता त्याला सांगा, आजच सांगा, कारण थांबवल्यावरही दोन आठवडे त्याला धोका असू शकतो.